हात हलतो, चेंडू जातो

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या अनेक घरांत कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम आला. त्यातल्या मारिओनं खड्ड्यावरून उडी घेतली की खेळणारं पोर हातातला कंट्रोलर झटक्यात वर उचलायचं. गाडीच्या गेममध्ये वळण आलं की अख्खं अंग त्या बाजूला झुकायचं. या उचलण्याझुकण्याचा गेमवर काडीचाही परिणाम होत नसे, कारण मशीनला फक्त बटणं कळत. तरी कुणी न शिकवता प्रत्येक मूल हे करायचं आणि शेजारी बसून पाहणारी मोठी माणसंही करायची.

ही वाया जाणारी हालचाल मशीनलाही कळली तर? निन्टेन्डो या जपानी कंपनीनं २००६ साली या प्रश्नाचं जे उत्तर काढलं, त्यातून ‘वी’ नावाचा कन्सोल आणि ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम जन्माला आला. १९ नोव्हेंबर २००६ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला, २ डिसेंबरला जपानमध्ये. पुढच्या काही वर्षांत दहा कोटींहून जास्त वी विकले गेले. वी स्पोर्ट्सच्या प्रती ८ कोटी २९ लाखांपर्यंत गेल्या. जपान आणि दक्षिण कोरिया सोडून बाकी ठिकाणी हा गेम कन्सोलच्या खोक्यातच मिळत असे, हे त्या आकड्यामागचं मोठं कारण. पण खोक्यात मिळालेली प्रत्येक वस्तू लोक वापरतात असं थोडंच आहे? हा गेम लोक खेळले, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता तेही खेळले.

हे सगळं चालतं कसं, ते सावकाश समजून घेण्यासारखं आहे. आपण रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवतो, पडद्यावरचा खेळाडू चेंडू मारतो, आणि आपल्याला वाटतं की मशीननं आपला हात पाहिला. प्रत्यक्षात मशीनला फार थोडं कळतं. त्या थोड्यावर पूर्ण खेळाचा भरवसा उभा करणं, ही या गेममधली खरी करामत आहे.

निन्टेन्डोची सुरुवात १८८९ सालची. फुसाजिरो यामाउची यांनी क्योतो शहरात हानाफुदा नावाचे, फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते बनवायला घेतले. म्हणजे चारचौघांनी एकत्र बसून खेळायच्या वस्तू हा कंपनीचा मूळ धंदाच. २००२ मध्ये सातोरू इवाता अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिले अध्यक्ष. त्या वेळी कंपनीचा गेमक्यूब हा कन्सोल सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे पार मागे पडला होता. गेमक्यूबची विक्री शेवटी सव्वादोन कोटींच्या आतच थांबली, तर प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्याही पुढे गेला. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट अधिकाधिक ताकदवान मशीन आणि अधिकाधिक हुबेहूब चित्रं यांच्या मागे होते. त्या शर्यतीत उतरण्याऐवजी इवातांनी घरातल्या न खेळणाऱ्या माणसांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी धरायचा, दोन दांड्या आणि डझनभर बटणं असलेला कंट्रोलर समोर आला की ही माणसं मागे सरतात. टीव्हीचा रिमोट मात्र घरातलं कुणीही बिनधास्त उचलतं. म्हणून नव्या कंट्रोलरला रिमोटचं रूप आलं, एका हातात मावणारं. त्याला ‘रिमोट’च म्हणायचं, असा इवातांचा आग्रह होता.

आत काय घालायचं, याबाबतीत कंपनीची जुनी शिकवण कामी आली. कंपनीचा गेम बॉय हा हातात धरून खेळायचा कन्सोल घडवणारे गुनपेई योकोई सांगत की अगदी नवं, महागडं तंत्रज्ञान धरू नये. जुनं होऊन स्वस्त आणि भरवशाचं झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि ते कुणाला न सुचलेल्या जागी वापरावं. वीच्या रिमोटमध्ये बसवलेला मुख्य भाग त्या जातीचा होता. मोटारीची टक्कर झाली की एअरबॅग उघडायला सांगणाऱ्या चिप नव्वदच्या दशकापासून बनत होत्या. त्याच कुळातली एक छोटी चिप रिमोटमध्ये गेली.

तिचं नाव ॲक्सेलरोमीटर, मराठीत त्वरणमापी. ॲनलॉग डिव्हायसेस या कंपनीची ही चिप लांबीरुंदीला चार-चार मिलिमीटर. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. एसटीनं एकदम ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसा रिमोट एकदम हलला की हा तुकडा मागे राहतो किंवा पुढे जातो. तुकड्याला पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्या अल्याडपल्याड पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या पट्ट्या. मधलं अंतर किंचित बदललं की पट्ट्यांमध्ये साठणारा विद्युतभार बदलतो. चिप तो बदल मोजते आणि त्यावरून सांगते की या दिशेला इतक्या जोराचा धक्का बसला. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांचे आकडे रिमोटमधून ब्लूटूथनं कन्सोलकडे जात राहतात.

हाच प्रयोग आज कुणालाही घरी करता येतो, कारण अशीच चिप प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते तिच्यामुळेच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप त्या चिपचे आकडे थेट दाखवतं. त्यात गुरुत्वासहित त्वरण मोजायचा पर्याय निवडावा आणि फोन टेबलावर उताणा ठेवावा. फोन निश्चल आहे, तेव्हा शून्य दिसेल असं वाटतं. पण एका रकान्यात ९.८ च्या आसपासचा आकडा दिसतो. हे गुरुत्वाकर्षण. टांगलेला तुकडा पृथ्वीकडे ओढला जातो आणि स्प्रिंग ताणल्या जातात, तो ताण चिपला दिसतो. फोन कडेवर उभा केला की तोच ९.८ दुसऱ्या रकान्यात सरकतो. आता फोन वीतभर उंचीवरून गादीवर सोडला, तर पडत असतानाच्या त्या क्षणभरात आकडा शून्याजवळ जातो. तुकडा आणि फोन दोघं एकाच वेगानं पडत असल्यामुळे स्प्रिंगांवर ताणच उरत नाही. शाळेत पाठ केलेलं गुरुत्वाकर्षण असं समोर दिसलं की मुलांचे डोळे चमकतात. मोठ्यांचेही.

या प्रयोगातच चिपचं बळ आणि तिची उणीव, दोन्ही दिसतात. निश्चल असताना खाली कुठे आहे हे तिला नेमकं कळतं, त्यामुळे रिमोट किती कलला आहे हे ओळखता येतं. पण हात जोरात फिरू लागला की गुरुत्वाकर्षणाचा ओढा आणि हाताचा धक्का एकाच आकड्यात मिसळतात. त्यातला कोणता किती, हे तिला सांगता येत नाही. शिवाय रिमोट सपाट धरून उत्तरेकडून पूर्वेकडे हळूच वळवला, तर तिला काहीच कळत नाही, कारण खालची दिशा तर बदललेलीच नाही.

दुसरी मर्यादा जोराची. ही चिप साधारण तीन ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट धक्क्यापर्यंत मोजते. आता साधा हिशेब करू. खांद्यापासून सत्तर सेंटिमीटरवर रिमोट धरला आहे आणि हात सेकंदाला दहा रेडियन, म्हणजे सेकंदाला दीड फेरीपेक्षा थोड्या जास्त गतीनं फिरला. टेनिसचा फटका म्हणून ही गती काही फार नाही. तरी रिमोटवरचं त्वरण सात जीच्या आसपास जातं. आकडा तिनाच्या थोडा पुढे जाऊन अडकतो आणि फटका संपेपर्यंत तिथेच राहतो. त्यापुढे कितीही ताकद लावा, मशीनला ती दिसत नाही. सोफ्यावर बसून मनगटाला झटका देणारा पोरगा उभं राहून घाम गाळणाऱ्या बाबांना टेनिसमध्ये हरवतो, त्याचं एक कारण हे आहे.

तिसरी मर्यादा सगळ्यांत मोठी. धक्क्यावरून वेग आणि वेगावरून जागा काढता येते, हे गणित अकरावीच्या पुस्तकात आहे. मग हात हवेत नेमका कुठे आहे हे मशीन का काढत नाही? कारण चिपच्या मोजणीत थोडी चूक असतेच. समजा ती चूक एका जीच्या शंभराव्या भागाएवढीच आहे. एका सेकंदानंतर हाताची काढलेली जागा पाच सेंटिमीटरनं चुकते. दहा सेकंदांनंतर तीच चूक पाच मीटर होते, म्हणजे हात भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घरात. एक मिनिटानंतर ती पावणेदोनशे मीटरच्या घरात जाते. चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि चांगली चिप आणली तरी ती थोडी उशिरा वाढते इतकंच.

तेव्हा वी स्पोर्ट्स घडवणाऱ्या मंडळींसमोर अशी चिप होती, जिला हात कुठे आहे ते कळत नाही, किती जोरात फिरला ते नीट कळत नाही, पण *केव्हा* फिरला ते अगदी पक्कं कळतं. त्यांनी सगळा खेळ त्या ‘केव्हा’वर बेतला.

टेनिस घ्या. पडद्यावरचा खेळाडू चेंडूमागे स्वतःच पळतो, खेळणाऱ्याला पळवायची सोयच नाही. आपल्या हाती फक्त रॅकेट फिरवण्याची वेळ. लवकर फिरवली तर चेंडू एका अंगाला जातो, उशिरा फिरवली तर दुसऱ्या. कोर्टावर कायम दुहेरी सामना असतो. एकटाच माणूस खेळत असेल तर त्याच्या बाजूचे दोन्ही खेळाडू त्याच्या एकाच हातावर रॅकेट फिरवतात. याचा फायदा पहिल्यांदा खेळणाऱ्याला होतो. घाईघाईत जाळीजवळच्याची संधी हुकली तरी मागच्याची वेळ अजून आलेली नसते. दुसरा फटका मारा, चेंडू परत जातो. आजोबांना कळतही नाही की आपल्याला नकळत दुसरी संधी मिळाली. या रचनेत मला खेळणाऱ्याविषयी खरी आपुलकी दिसते. नवख्याला चुकवून बटणं शिकवण्यापेक्षा त्याची पहिली रॅली पूर्ण होऊ देणं महत्त्वाचं, असं कुणीतरी ठरवलं आणि ते पाळलं.

बोलिंग त्याहून साधं आहे आणि माझ्या मते वी स्पोर्ट्समधल्या पाचही खेळांत सगळ्यांत चांगलं रचलेलं. रिमोट छातीपाशी उभा धरायचा, खालच्या बाजूचं बटण बोटानं दाबून ठेवायचं, हात मागे नेऊन पुढे आणायचा आणि पुढे येताना बटण सोडायचं. ते सोडणं म्हणजे चेंडू हातातून सुटणं. इथे मशीनला लागणारी ‘केव्हा’ची खूण आपलं बोटच देतं, त्यामुळे अंदाज करायचं फारसं काही उरत नाही. सोडताना मनगट वळलेलं असेल तर चेंडू वळतो. आणि हात मागे असतानाच बटण सुटलं तर चेंडू मागे पडतो, मागे उभी असलेली छोटी बाहुलीमंडळी दचकून उड्या मारतात, अन् घरात हशा पिकतो. या चुकीबद्दल गेम कुणाला शिक्षा करत नाही, फेकण्याची संधी पुन्हा देतो.

त्या बाहुल्यांना ‘मी’ म्हणतात. नाक, डोळे, केस निवडून घरातल्या प्रत्येकाची अशी बाहुली करता येते. निन्टेन्डोचे गेम डिझायनर शिगेरू मियामोतो यांना कोकेशी या लाकडी जपानी बाहुल्यांवरून ही कल्पना सुचली. टेनिसमधल्या बाहुल्यांना कोपर, खांदे असे नीट सांधे नाहीत, हात म्हणजे अधांतरी गोळे. तेही सोयीचंच. कोपर कुठे आहे हे मशीनला माहीत नाही आणि बाहुलीला कोपर नाहीच. हुबेहूब माणूस दाखवला असता तर त्याचा हात आपल्या हातापेक्षा वेगळा हलतो हे पहिल्याच फटक्याला खटकलं असतं.

रिमोटचा दुसरा डोळा म्हणजे त्याच्या टोकावरचा छोटा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण त्या पट्टीत सेन्सर नाहीच. तिच्या दोन्ही टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड दिवे आहेत. हा प्रकाश माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, रिमोटच्या कॅमेऱ्याला मात्र तेवढाच दिसतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये दिवा हातात आणि डोळा टीव्हीत असतो. इथे उलटं आहे, दिवे टीव्हीपाशी आणि डोळा हातात. कॅमेऱ्याला दोन ठिपके दिसतात. ते चित्रात उजवीकडे सरकले तर रिमोट डावीकडे वळला, तिरके झाले तर मनगट फिरलं, एकमेकांजवळ आले तर माणूस मागे सरकला. दोन ठिपक्यांतून इतकं सगळं निघतं.

ज्योतीतूनही इन्फ्रारेड प्रकाश निघतो. त्यामुळे पट्टी काढून तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी पडद्यावरचा बाण रिमोटमागे फिरतो. हा प्रयोग जगभर अनेकांनी करून पाहिला. लहान मुलांच्या घरात टीव्हीपाशी ज्योती ठेवू नयेत, पण यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवाळीत टीव्हीच्या आसपास पणत्या असतील, किंवा समोरच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येत असेल, तर बाण भरकटतो. रिमोट बिघडला असं समजून तो ठोकत बसण्याआधी पणत्या हलवाव्यात, पडदा ओढावा. एलईडीच्या माळांमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, त्यांचा त्रास होत नाही.

मशीनला थोडंच लागत होतं, पण माणसं सगळं अंग लावून खेळत होती. वी बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच रिमोट हातातून निसटून टीव्हीवर, दिव्यांवर आदळू लागले, रिमोट मनगटाला अडकवायच्या दोऱ्या तुटू लागल्या. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोनं ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. जुनी दोरी ०.६ मिलिमीटर जाडीची होती, नवी १ मिलिमीटरची. पुढच्या वर्षी रिमोटला रबरी कवचही आलं. २००७ मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात हुलिओ बोनिस या स्पॅनिश डॉक्टरांचं पत्र छापून आलं. कित्येक तास वी टेनिस खेळल्यामुळे खांद्याचा स्नायुबंध सुजल्याची ती नोंद होती. खऱ्या टेनिसमध्ये पळून दम लागतो आणि माणूस थांबतो. इथे पळणं नाही, रॅकेटचं वजन नाही, त्यामुळे खांदा दुखेपर्यंत थांबावंसं वाटत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की बसून खेळायच्या गेमपेक्षा वी स्पोर्ट्समध्ये मुलांची ऊर्जा जास्त खर्च होते, पण खऱ्या खेळाइतकी होत नाही. पोरांना मैदानावर पाठवायला हा पर्याय नाही. पावसाळ्याच्या दुपारी मात्र हरकत नाही.

‘किती फिरला’ हे मशीनला नीट कळायला २००९ साल उजाडलं. वी मोशनप्लस नावाचा एक छोटा ठोकळा रिमोटच्या बुडाला जोडायचा, त्यात जायरोस्कोप होता. जायरोस्कोप म्हटलं की भोवऱ्यासारखी फिरणारी चकती डोळ्यांपुढे येते, या चिपमध्ये तसं काही फिरत नाही. आतला सूक्ष्म तुकडा सतत इकडून तिकडे कंप पावत असतो. चिप वळली की तो आपल्या वाटेवरून बाजूला ढकलला जातो, आणि ढकलला किती गेला यावरून वळण्याचा वेग कळतो. मोसमी वाऱ्यांना वळवणारा कोरिऑलिस परिणाम तोच हा, फक्त चिपमधल्या इवल्याशा जागेत. वेगाची बेरीज करत गेलं की कोन मिळतो. इथेही बेरजेबरोबर चूक साठते, पण ती वर्गाच्या पटीत न वाढता सरळ वाढते, आणि तिला ताब्यात ठेवायला जुना त्वरणमापी आहेच. हात जरा स्थिरावला की तो खालची दिशा सांगतो आणि कलण्याचा कोन दुरुस्त होतो. चूक मुळातच कमी राहावी म्हणून सुरुवातीला गेम रिमोट टेबलावर पालथा ठेवायला सांगतो. निश्चल असताना जायरोस्कोप जे काही दाखवतो ती त्याची चूक, आणि ती नोंदवून पुढे वजा करायची असते. ही पायरी कंटाळून टाळली की पडद्यावरची तलवार हळूहळू तिरकी होत जाते. ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मध्ये तलवारबाजी आणि धनुर्विद्या आली ती या जोडीच्या बळावर.

दुसऱ्या कंपन्यांनी २०१० मध्ये आपापली वाट काढली. सोनीच्या प्लेस्टेशन मूव्हच्या दांडीवर रंग बदलणारा एक उजळ चेंडू होता आणि टीव्हीपाशी कॅमेरा. चेंडू कोणत्याही बाजूनं गोलच दिसतो, त्यामुळे चित्रातल्या गोलाच्या आकारावरून तो किती लांब आहे ते निघतं. खोलीत नसलेला रंग निवडून चेंडू उजळवला की कॅमेऱ्याला तो शोधणं सोपं जातं. मुंबईतल्या ट्राइन गेम्स या कंपनीनं या मूव्हसाठी गल्ली क्रिकेटचा गेम बनवला, ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’. आपल्याकडे दांडी हातात आली की बॅट फिरणार, हे त्यांनी नेमकं हेरलं.

मायक्रोसॉफ्टनं हातात काहीच दिलं नाही. किनेक्ट हे त्यांचं यंत्र समोरच्या खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी फेकतं. बाजूला बसवलेल्या कॅमेऱ्याला जवळच्या वस्तूवरचे ठिपके जास्त सरकलेले दिसतात, लांबच्या वस्तूवरचे कमी. त्यावरून प्रत्येक बिंदू किती लांब आहे याचा नकाशा तयार होतो. मग या नकाशात माणूस कुठला आणि सोफा कुठला? मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी संगणकाला वेगवेगळ्या बांध्यांच्या माणसांच्या असंख्य मुद्रा आधी दाखवून ठेवल्या. त्या शिकवणीवरून तो नकाशातला प्रत्येक बिंदू डोक्याचा, कोपराचा की गुडघ्याचा, याचा अंदाज बांधतो आणि हे काम सेकंदाला तीस वेळा करतो. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले.

पण त्याला जागा लागायची. एकट्यानं खेळायला टीव्हीपासून सुमारे सहा फूट, दोघांना आठ फूट मोकळं अंतर. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये दिवाण आणि सेंटर टेबल असलेल्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोघांना एकत्र उडी मारायला ही जागा काढणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. घोळदार कपड्यांत पाय वेगळे दिसत नाहीत, तिथेही अंदाज चुकतो. शिवाय हातात बटण नसल्यामुळे ‘आता सोडलं’ हे सांगायची सोपी खूणच उरत नाही. आपण हलल्यावर चित्र हलायला जो किंचित उशीर लागतो तो नाचात खपून जातो, टेनिसमध्ये खपत नाही. जास्त पाहणारं यंत्र घरगुती खेळात जास्त रमवेलच असं नाही, हे किनेक्टनं दाखवलं. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. त्यातलं खोली मोजायचं तंत्र ज्या प्राइमसेन्स कंपनीचं होतं ती ॲपलनं २०१३ मध्ये विकत घेतली, आणि आज चेहरा दाखवून आयफोन उघडतो तेव्हाही असेच अदृश्य ठिपके चेहऱ्यावर पडतात.

याच्या अगदी उलट टोकाला युबिसॉफ्ट कंपनीचा ‘जस्ट डान्स’ आहे, २००९ मध्ये वीसाठी आलेला. पडद्यावरचा नर्तक पूर्ण अंगानं नाचतो, आपणही पूर्ण अंगानं नाचतो, आणि वी मोजतो फक्त रिमोट धरलेला उजवा हात. पाय चुकले, कंबर हललीच नाही, तरी गुणांना धक्का लागत नाही. कुणी याला फसवणूक म्हणेल. मला तो उदारपणा वाटतो. लग्नाच्या आदल्या रात्री घरात जमलेल्या मावश्या-आत्या नाचतात तेव्हा पावलं कोण मोजतं?

निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विच कन्सोलमध्ये त्वरणमापी आणि जायरोस्कोप दोन्ही छोट्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्येच बसवलेले आहेत. त्याच्यासोबत आलेल्या ‘वन-टू-स्विच’मध्ये टीव्हीकडे पाहायचंच नसतं, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून गाईचं दूध काढायचं किंवा पिस्तूल उगारायचं असतं. एका खेळात जॉय-कॉन हातात कलवून आत किती गोट्या आहेत ते सांगायचं, आणि गोट्या तर नाहीतच, कंपनाची मोटर तसा भास करून देते. २०२२ चा ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’ हा वी स्पोर्ट्सचा वारस. त्यात बॅडमिंटन आहे, आपल्या घरांत तेच आधी निवडलं जातं. साध्या कॅमेऱ्यावर आणि यंत्राला शिकवलेल्या अंदाजावर चालणारी नेक्स प्लेग्राउंडसारखी उपकरणंही २०२३ पासून आली आहेत, किनेक्टचे ठिपके न फेकता.

यांतलं कुठलंही घरी आणलं, तर दोन-तीन गोष्टी आधी कराव्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करावा. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही प्रत्येक दृश्यावर प्रक्रिया करत बसतो आणि तेवढा उशीर होतो. जिथे सगळा खेळ ‘केव्हा’वर आहे तिथे हा उशीर फटका चुकवतो आणि दोष आजीच्या हाताला लागतो. पंख्याची उंची पाहून घ्यावी, कारण सर्व्हिस करताना हात वर जातो. दोरी मनगटात घातल्याशिवाय कुणालाही हात फिरवू देऊ नये, पाहुण्यांना तर मुळीच नाही. हाताला घाम येतो, तो मधूनमधून पुसावा. आणि घरात कुणी पहिल्यांदाच खेळणार असेल तर बोलिंगपासून सुरुवात करावी. एक बटण, एक हात, घाई नाही, चौघांत एकच रिमोट पुरतो, आणि एकाचा चेंडू जात असताना उरलेल्या तिघांना सल्ले द्यायला भरपूर वेळ मिळतो. आजीला दाबलेलं बटण केव्हा सोडायचं तेवढं एकदा शेजारी उभं राहून दाखवावं, बाकी काही सांगू नये.